वळचणीखालची माती

कडुबाच्या वयाच्या अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस एक जूनला असतो. पोराला शाळेत घालायला आणलं की मास्तर बापाकडं बघायचे, बाप आढ्याकडं बघायचा, आणि मास्तर रजिस्टरात एक जून लिहून मोकळे व्हायचे. कडुबाचीही जन्मतारीख तशीच लागली. त्यामुळं यंदा एकतीस मेला त्याची नोकरी संपणार होती, आणि कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागातल्या तळघराची किल्ली त्याच्या कमरेवरून उतरणार होती. तेहतीस वर्षं ती तिथं होती.

हुद्दा म्हणाल तर परिचर. झाडलोट, चहा, नोटिसा फिरवणं. पण तळघरात त्याचा मान वेगळा होता. तिथं गॅमा किरण मोजायचं यंत्र होतं आणि त्याच्या पोटातला स्फटिक कायम गार ठेवावा लागे. साधा गार नव्हे, द्रवरूप नायट्रोजनचा गार. दर सोमवारी आणि गुरुवारी कडुबा जाड हातमोजे चढवून टाकी भरायचा. एकदा नायट्रोजनची गाडी तीन दिवस आलीच नाही, तेव्हा हा बहाद्दर गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रात गेला, तिथल्या डॉक्टरच्या हातापाया पडला आणि वळूंच्या वाटणीचा नायट्रोजन रिक्षात घालून घेऊन आला. वळूंचं पुढं काय झालं ते त्यानं विचारलं नाही. यंत्र मात्र तापलं नाही. सात पीएच.डी.च्या प्रबंधांत त्याचे आभार मानलेले आहेत. प्रबंधातलं बाकी काही त्याला कळलं नाही, पण आभाराचं पान तो सातही प्रबंधांत अचूक काढून दाखवायचा.

बारावीला गणितात गेलेला हा माणूस, पण पडद्यावरच्या आलेखातले सुळके तो नावानं ओळखायचा. चौदाशे साठच्या आकड्यावर सुळका उगवला की पोटॅशियम. तो मातीत, विटेत, केळात, सगळीकडं. न बोलावता येणारा पाहुणा. सहाशे बासष्टवर उगवला की सीझियम. हे असं का, ते विभागाचे जुने प्रमुख श्रीधर सर यांनी त्याला एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं.

"कडुबा, अणूच्या गाभ्याला बारवेसारख्या पायऱ्या असतात. गाभा वरच्या पायरीवर बसला तर त्याला तिथं करमत नाही. तो खाली उडी मारतो. जेवढ्या उंचीची उडी, तेवढ्याच ताकदीचा किरण बाहेर पडतो. आणि प्रत्येक जातीच्या गाभ्याच्या पायऱ्यांची उंची ठरलेली. सीझियम मोडून बेरियम होतं, त्या बेरियमची उडी सहाशे बासष्टची. इथं मोजा नाहीतर अमेरिकेत मोजा, दुसऱ्या कुणाची उडी तेवढी नाही."

"म्हंजे लबाडी करायची सोयच नाय," कडुबा म्हणाला होता.

"अजिबात नाही," सर म्हणाले होते.

हे बोलणं झालं तेव्हा त्याला ते गमतीचं वाटलं होतं. पुढं त्याच्याच हातून एक लबाडी झाली आणि ती त्याला आठ वर्षं टोचत राहिली.

ती अशी. कडुबाचं मूळ गाव जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. गाव उठायच्या चार-पाच वर्षं आधी त्याची धाकटी बहीण भामा गोवरानं गेली होती. दीड वर्षाची पोर. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पण यांच्या वस्तीला पुरायला जी जागा होती ती ओढ्यापलीकडं, आणि तिथं कोल्ही उकरायची. म्हणून आजा म्हणाला, पोर घरापाशीच राहू द्या. घराच्या मागच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या वळचणीखाली तिला ठेवली. पुढं पाच पावसाळे छपराचं पाणी तिच्यावर पडत राहिलं. आई मनकर्णाबाई आत भिंतीला पाठ लावून ते ऐकत बसायची. मग धरण झालं, सरकारची गाडी आली, लोकांनी पत्रे काढले, मेढी काढल्या, चुलीतले दगडसुद्धा घेतले. भामा तेवढी राहिली.

आता मनकर्णाबाई ऐंशीची झाली होती. पडेगावच्या घरात ती कडुबाजवळ होती. कडुबाची बायको वारल्यापासून घर सून रूपालीच चालवायची. मुलगा चितेगावच्या कारखान्यात पाळीवर जायचा. म्हातारीची कशावर वासना नव्हती. गोड नको, लुगडं नको, तीर्थाटन तर नकोच. एकच ध्यास होता: भामाच्या अंगावरची मूठभर माती पाहिजे. "मला न्याल तवा माझ्या हातात द्या," म्हणायची.

आठ वर्षांपूर्वीच्या दुष्काळात धरण आटलं तेव्हा कडुबा ती माती आणायला गेला होता. गेला तर सगळीकडं भेगाळलेला गाळ. झाड नाही, भिंत नाही, दगडावर दगड नाही. तीन तास तो उन्हात फिरला. ज्या गावात अकरा वर्षं बोंबलत हिंडलो त्या गावात आपल्याला आपलं घर सापडू नये, याची त्याला इतकी शरम वाटली की तो मटकन खाली बसून रडला. मग उभा होता तिथलीच मूठभर माती रुमालात बांधली आणि शेवटची एसटी धरली. घरी येऊन म्हणाला, "घे माय, वळचणीखालची हाय."

म्हातारीनं ती पुरचुंडी कपाळाला लावली आणि त्या दिवसापासून उशाशी घेऊन निजू लागली. दुपारी कुणी नसलं की ती पुरचुंडीशी बोलायची, आणि कडुबाच्या कानावर ते पडलं की त्याला ताटावरून उठून जावंसं वाटायचं.

गेल्या वर्षी चारुता मॅडमनी नवा प्रकल्प घेतला. या श्रीधर सरांच्याच विद्यार्थिनी, आता विभागात प्राध्यापक. धरणात किती गाळ साठला, कधी कधी साठला, हे गॅमा किरणांवरून काढायचं होतं. नमुने आणायला कडुबा बरोबर होताच. प्लॅस्टिकचा पाइप गाळात ठोकायचा, उपसायचा, आतली माती कापून वाळवायची, डबीत भरायची, शिशाच्या विटांच्या आत यंत्रावर ठेवायची. एक डबी एक दिवस. कारण आपल्याकडच्या मातीत सीझियम इतकं थोडं, की यंत्राला पुरता दिवस कान लावून बसावं लागतं.

"पण मॅडम, हे सीझियम आपल्या रानात आलं कुठून?" कडुबानं विचारलं.

"बॉम्बमधून, मामा. एकसष्ट-बासष्ट साली मोठ्या देशांनी अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. ती धूळ आभाळात गेली आणि पुढची काही वर्षं पावसाबरोबर सगळ्या जगावर पडली. पडली ती जमिनीच्या वरच्या चार बोटांत चिकटून बसली."

कडुबानं हे घरी सांगितलं तेव्हा मनकर्णाबाई म्हणाली, "भामीच्या येळंला धा कोसावरला डागदर गावात आला नाय, आन् बाम आला व्हय?"

मे उजाडला तेव्हा धरण तळाला गेलं होतं. आठ वर्षांपूर्वीही न दिसलेली वस्तीची विहीर यंदा उघडी पडली. वर फक्त घडीव दगडांचं कडं, आत गाळ भरलेला. मॅडम त्या कड्याच्या बाहेर, शेजारीच पाइप ठोकत होत्या. अडीच फुटांवर पाइप अडला.

"हा गाळ संपला, मामा. ही जुनी जमीन. वरचं हे सगळं पाण्यानं वरून आणलेलं. नाशिककडचं, कोपरगावकडचं."

आपण आईच्या उशाशी काय बांधून दिलंय, ते कडुबाला त्या घटकेला पुरतं कळलं. गावात पांढरीवर, म्हणजे जुन्या गावठाणावर, घरं असणाऱ्यांचं एक बरं होतं, पांढरी माती हातात घेतली की ओळखू यायची. पण यांची वस्ती पांढरीच्या बाहेर, काळीच्या, म्हणजे शेतांच्या कडेला. काळी माती आणि काळा गाळ. डोळ्याला फरक कळणार कसा?

परतीच्या वाटेवर गाडीत त्यानं मॅडमना सगळं सांगून टाकलं. पुरचुंडीचं, एसटीचं, सगळं. शेवटी म्हणाला, "मॅडम, यंत्राला कळंल का, आमचं घर कुठं व्हतं ते?"

चारुताबाई म्हणाल्या, "विहिरीपासून घर किती लांब होतं, ते विचारून या. तुम्ही निवृत्त होईपर्यंत आपल्याकडं सत्तावीस दिवस आहेत. म्हणजे सत्तावीस डब्या."

आता आली का पंचाईत! आईला विचारायचं कसं? ती म्हणणार, तूच तर जाऊन माती आणलीस. चोराच्या मनात चांदणं. कडुबा दोन दिवस तिच्याभोवती घोटाळला. तिसऱ्या दिवशी ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा म्हणाला, "माय, मॅडमला जुन्या वस्तीचा नकाशा काढायचाय. हिरीपासून आपलं दार किती पावलं आसंल?"

"चाळीस," ती लगेच म्हणाली. "दारातून सरळ हीर दिसायची. तुला ठावं नाय का? तू तर गेलता की."

"तवा हीर पाण्यात व्हती."

"मंग घर कसं घावलं?"

"अंदाजानं," कडुबा म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

विहिरीच्या कड्याची वस्तीकडची बाजू, जिथं बायकांच्या दोरांनी दगडावर घळी पाडल्या होत्या, तिथून तो नाकासमोर चाळीस पावलं चालला. तिथून पुढं सहा जागी पाइप ठोकले. सहा डब्या, सहा दिवस. दर सकाळी किल्ली फिरवून तो पडद्यापुढं जाऊन उभा राहायचा. सहाही डब्यांत सहाशे बासष्टवर तोच तो बेताचा सुळका.

"हे नांगरलेलं रान आहे, मामा," मॅडम म्हणाल्या. "सगळीकडं सारखं. इथं घर नव्हतं."

सहा दिवस पाण्यात. कडुबा हात हलवत घरी आला आणि लपवाछपवी विसरून आईवरच उखडला. "चाळीस पावलं म्हनलीस! चाळीस पावलांवर रान हाय तिथं!"

मनकर्णाबाईनं त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "रिकाम्या हातानं चाललास?"

"मंग?"

"आरं बाबा, रिकाम्या हातानं हिरीवरून घरी कोण येतं? डोईवर दोन हंडे भरलेले. त्याची चाळीस."

कडुबाला कपाळावर हात मारून घ्यावा वाटला. घरातलं पाणी ज्यानं कधी भरलं नाही त्यानंच ही चूक करावी. लगेच रूपालीला बोलावलं. शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं टँकरवरून हंडे आणायची तिला सवय होती, पण कमरेवर. डोक्यावर दोन म्हटल्यावर ती म्हणाली, "मामा, तुमच्या प्रयोगात माझी मान जाईल." तरी पदर खोचून उभी राहिली. भर गल्लीत म्हातारी खुर्ची टाकून बसली, रूपाली चुंबळीवर दोन हंडे घेऊन चालली आणि कडुबा मागून टेप आणि खडू घेऊन.

"एवढी टांग टाकू नको! पाणी हिंदळतंय बघ," म्हातारी ओरडायची. "पुन्यांदा."

चौथ्या खेपेला पाणी हिंदळलं नाही. "हां. असं," मनकर्णाबाई म्हणाली, "अशी चालायचे मी." चाळीस पावलं भरली चौसष्ट फूट. कडुबाची झाली होती शंभर. तो घर ओलांडून पार मागच्या रानात गेला होता. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून हसत होत्या आणि रूपालीही हसत होती, पण कडुबा मात्र गल्लीतल्या त्या खडूच्या रेघेकडं बघत राहिला. पन्नास वर्षांपूर्वीची आईची चाल त्याच्या गल्लीत उतरली होती, आणि त्याला एकाएकी तिची फार आठवण आली, ती समोर बसलेली असताना.

दुसऱ्या दिवशी चौसष्ट फुटांवरून पुढं, दर तीन फुटांवर एक असे पाइप ठोकले. जुनी जमीन लागली की तिचा वरचा चार बोटं थर. पहिली डबी यंत्रावर ठेवली. सकाळी पाहिलं तर चौदाशे साठचा पाहुणा हजर, सहाशे बासष्ट कोरं. दुसरी डबी कोरी. तिसरीही कोरी. तीन दिवस गेले आणि कडुबाचा धीर सुटला.

"रानात तरी व्हतं, इथं तेवढंबी नाय. यंत्राला आमचं घर दिसंना, मॅडम."

चारुताबाई पडद्याकडं बघत होत्या. मग एकदम खुर्ची मागं सारून उठल्या. "मामा, दिसलं! हेच तुमचं घर!"

"काय दिसलं? काहीच नाय तिथं."

"म्हणूनच! सीझियम पावसाबरोबर पडलं. रानावर पडलं, वाटेवर पडलं. ज्या जमिनीवर पाऊसच पडला नाही तिथंच नाही पडलं. तुमच्या डोक्यावर पत्रे होते ना? ही तीन जागांची माती तुमच्या छपराखालची आहे."

कडुबा खालीच बसला. त्या कोऱ्या रेघेत त्याला घर दिसायला लागलं. ही चूल, हा रांजण, इथं बाप पटका काढून ठेवायचा. तळघरात यंत्राच्या पंख्याचा आवाज येत होता आणि हा साठ वर्षांचा माणूस तोंडावर हातमोजा दाबून रडत होता. मॅडमनी त्याला रडू दिलं.

"आता बघा," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "छपरावर पडलेला सगळा पाऊस गेला कुठं?"

"वळचणीला."

"आणि मग?"

सगळ्या छपराचं पाणी एका रेघेत खाली पडायचं. भामावर.

चौथी डबी शहात्तर फुटांवरची, घराच्या मागच्या अंगाची. तिच्यात सहाशे बासष्टचा सुळका रानातल्यापेक्षा पाचपट उंच आला. जे पाणी ऐकून आई पाच पावसाळे भिंतीशी कुढली, त्याच पाण्यानं खूण करून ठेवली होती.

पण वळचण काय हातभर असते? मागची भिंत चांगली पंधरा फुटांची. भामा त्यात नेमकी कुठं? आईला आता विचारायची कडुबाची हिंमत नव्हती. मॅडमनीच तोड काढली. "जमीन हलवली नाही तर सीझियम वरच्या चार बोटांतच राहतं. हातभर खाली सापडलं, तर वरची माती खाली गेलीय. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर तिथं कुणीतरी खणलंय आणि परत बुजवलंय."

चोवीस मेला ते शेवटचे गेले. वळचणीच्या रेघेत पाच जागा धरल्या, आणि वरचा गाळ फावड्यानं काढून घेतला. पण जुनी जमीन लागल्यावर कडुबानं हातोडा बाजूला ठेवला.

"मामा, ठोकल्याशिवाय जाणार नाही पाइप."

"जाईल," तो म्हणाला. "इथं ठोकायचं नाय."

पाचही जागी त्यानं पाइप पाण्यानं ओला करून, दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकत, हळूहळू फिरवत खाली नेला. एका जागेला अर्धा तास लागला. तळहात सोलले. वर कलिंगडाच्या वाडीवरचे लोक येऊन बघून गेले. त्यांना वाटलं, सरकारी माणसं काहीतरी पाणी शोधतायत.

पाच डब्या, हातभर खोलीच्या. पंचवीस मेला पहिली लावली, ती कोरी. दुसरी कोरी. तिसरी कोरी. सत्तावीसला सोमवार होता. त्यानं टाकी भरली, आणि आपण ही शेवटून दुसऱ्यांदा भरतोय हे त्याच्या ध्यानात आलं, पण त्याचं वाईट वाटायला मनात जागा नव्हती. चौथी डबी अठ्ठावीसला लावली. एकोणतीसच्या सकाळी तो दिवा न लावताच पडद्यापाशी गेला. जिथं काही असायला नको, हातभर खोल, तिथं सहाशे बासष्टचा सुळका उभा होता. लहानसा, पण शंका राहू नये असा.

त्यानं मॅडमना फोन केला. मॅडम आल्या, आकडे तपासले, दोनदा तपासले. "मी शास्त्राचं तेवढं सांगते, मामा. इथं छपराचं पाणी पडत होतं आणि इथं त्यानंतर कुणीतरी खणलं होतं. पोरीचं यंत्र काही सांगत नाही."

"तिथं दुसरं कुणी कशाला खणंल?" कडुबा म्हणाला.

मॅडमनी पाचवी डबीही लावली, शास्त्र म्हणून. ती कोरी आली. एकतीसला हार-तुरे, भाषणं, शाल-श्रीफळ झालं. प्राचार्य कडुबाच्या निष्ठेबद्दल बोलले. तो खिशातल्या चौथ्या डबीवर हात ठेवून बसला होता. मोजल्यानं माती झिजत नाही. होती तेवढी सगळी त्या डबीत होती. ऊन उतरायच्या आत तो घरी पोचला.

मनकर्णाबाई ओसरीत लसूण सोलत होती. त्यानं शाल बाजूला ठेवली आणि तिच्यापुढं बसला. वाटेत त्यानं ठरवलं होतं की गुपचूप माती बदलायची. जुनी टाकायची, नवी बांधायची, कुणाला काही कळायचं काम नाही. पण तेहतीस वर्षं ज्या यंत्रापुढं लबाडी चालत नाही त्याच्यापुढं घालवल्यावर ते त्याला जमेना.

"माय, उशाशी हाय ती भामीची माती नाय."

तिचे हात थांबले.

"मला घर घावलं नव्हतं. लई फिरलो. उभा व्हतो तिथली उचलली, आन् तुला खोटं सांगितलं." मग त्यानं सगळं सांगितलं. हंड्यांच्या पावलांचं, कोऱ्या डब्यांचं, वळचणीच्या पाण्याचं. सांगता सांगता डबी तिच्या हातात दिली. "ही तिची हाय. यंत्रानं मोजलेली."

म्हातारीनं झाकण उघडलं. माती वाळवून, चाळून पिठासारखी केलेली. तिनं नाकाशी नेली. वास कसलाच नव्हता. चिमूटभर तळहातावर घेतली आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं तिच्यावरून फिरवत राहिली.

"लई भिजलीस गं माय," ती मातीला म्हणाली. "मला पाणी थांबवता आलं नाय."

"त्याच पाण्यानं घावली ती," कडुबा म्हणाला.

ती बराच वेळ रडली. आवाज न करता, जुन्या बायका रडतात तशी. कडुबा तिथंच बसून राहिला. तिनं शिव्या द्याव्यात, निदान एकदा तरी खोटारड्या म्हणावं, असं त्याला वाटत होतं. शेवटी तो उठला, आत जाऊन तिच्या उशाशी असलेली जुनी पुरचुंडी घेऊन आला.

"आण, हिला टाकून येतो."

"कुठं टाकतोस?" तिनं झटकन पुरचुंडी त्याच्या हातातून घेतली. "ही कुठली म्हनलास तू?"

"वरून वाहून आलेली. नाशकाकडली, कोपरगावकडली. पुरानं आणलेला गाळ."

"म्हंजे कुणाच्या तरी अंगणातली."

"आसंल. काय सांगावं."

मनकर्णाबाईनं पुरचुंडीची गाठ चाचपून पाहिली. आठ वर्षांत रुमालाचा रंग उडून गेला होता.

"आठ वर्सं माझ्यापाशी निजली," ती म्हणाली. "मी हिला भामी म्हनले. हिनं एक दिस नाय म्हनलं नाय." मग तिनं लुगड्याच्या पदराची चिंधी फाडली, डबीतली माती तिच्यात बांधली आणि दोन्ही पुरचुंड्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. "हिची बी माय आसंल वर कुठं तरी. ती अजून शोधत आसंल."